इमर्जन्सीत औषधांची अदलाबदल: तुमचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टरांनी डोब्युटामिन सांगितलं आणि सिस्टरनी डोपामिनची ड्रिप बनवायला घेतली, वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. शिकलेल्या माणसांकडून असं कसं होतं?

उत्तर: शिकलेल्यांकडूनच होतं, कारण सरावलेली नजर अख्खं नाव वाचत नाही, सुरुवात आणि शेवट बघून ओळखते. त्यात दोन्ही एकाच कप्प्यात, दोन्हीचा डोस मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, म्हणजे आकडा बघूनही काही खटकत नाही. काम मात्र वेगळं, डोब्युटामिन मुख्यतः हृदयाचा जोर वाढवतं आणि कधीकधी बीपी खालीपण आणतं, डोपामिन जास्त डोसला रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवतं. "नीट बघत जा" असं ओरडून हे थांबत नाही हो! कप्पे वेगळे करा, आणि तोंडी ऑर्डर असेल तर औषध, डोस, कुठून द्यायचं हे ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं, डॉक्टरांचा "हो" आल्याशिवाय सिरिंज भरायचीच नाही.

प्रश्न: ॲड्रेनलिन तर एकच औषध, त्यात कसला गोंधळ?

उत्तर: स्ट्रेंथचा. एका मिलीत 1 मिलीग्रॅम आणि एका मिलीत 0.1 मिलीग्रॅम, दहापट फरक. जोरदार ॲलर्जीत मोठ्या माणसाला 0.5 मिलीग्रॅम मांडीच्या स्नायूत देतात, तेच घाईघाईत थेट शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके भलतेच बिघडू शकतात. म्हणून नुसतं "ॲड्रेनलिन द्या" ही ऑर्डर मी अर्धवटच धरते, मिलीग्रॅम आणि रूट, म्हणजे स्नायूत की शिरेत, दोन्ही बोललंच पाहिजे.

प्रश्न: आमच्या ट्रॉलीत पोटॅशियम क्लोराइड आणि सलाईनच्या अँप्युल शेजारी असतात. चालतं का?

उत्तर: अजिबात नाही, आजच हलवा. दोन्ही पाण्यासारखं दिसतं आणि कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. ते कुलपात, वेगळं. आणि भरलेल्या सिरिंजवर लेबल तिथल्या तिथे लावा, ट्रेमधे बिनलेबलची सिरिंज दिसली तर कोणी कितीही खात्रीने सांगो, टाकून द्या.

प्रश्न: नातेवाईक म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर: चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्सच घेऊन या, तोंडी नाव सांगताना तुमचीही चूक होते. ॲलर्जी न विचारताच सांगा. आणि इंजेक्शन देताना "हे कुठलं, कशासाठी?" एवढं विचारा, चांगली सिस्टर रागावत नाही, उलट लेबल परत एकदा बघते.