विचारा, सांगतो : चारांत एक म्हणजे काय?

प्रश्न : सर, आईबाबा दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. दादाला आजार आहे. चारांत एकालाच होतो म्हणतात, मग मी सुटले ना? (इयत्ता दहावी, जि. गडचिरोली)

उत्तर : बाळ, दादाला झाला म्हणून तुझी शक्यता कमी होत नाही. हा हिशेब प्रत्येक गर्भासाठी नव्याने सुरू होतो.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. त्याच्याशी संबंधित जनुक 11व्या गुणसूत्रावर असतं. आईजवळ त्याच्या दोन प्रती आहेत, एक निरोगी आणि एक सिकलची. बाबांचंही तसंच. सिकलची एकच प्रत असलेला तो वाहक, त्याला स्वतःला आजार नसतो. अर्धगुणसूत्री विभाजनात जोडीतली गुणसूत्रं वेगळी होतात, त्यामुळे प्रत्येक अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत यांतली एकच प्रत जाते. कुठली, ते नाणेफेकीसारखं. आधीचा कौल पुढच्या नाण्याला ठाऊक नसतो! दोन्हीकडून सिकलची प्रत आली तरच आजार, म्हणजे अर्ध्याचं अर्धं, चारांत एक.

तुला आजार नाही असं तपासणीत दिसलं, तरी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन उरते : चार घरांतलं आजाराचं एक घर वगळलं, की उरलेल्या तिनांत दोन वाहकाची. वर्गात हे मी फळ्यावर चौकट काढूनच पटवतो, तूही काढून बघ.

प्राथमिक आरोग्य केंद्रात विचार. सोल्युबिलिटी चाचणी (रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे का, एवढंच सांगणारी) पॉझिटिव्ह आली, तर इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा) आग्रह धर. वाहक की रुग्ण, हे त्यातून कळतं.