टेलिग्राम चॅनेल, बेटिंगची लिंक आणि चाळीस टक्के

प्रिय मित्रा,

तू इंदूरला बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहेस, क्रिकेटच्या अंदाजांचं तुझं टेलिग्राम चॅनेल आहे, त्यावर साडेअकरा हजार माणसं आहेत. एका परदेशी बेटिंग साइटच्या ‘अ‍ॅफिलिएट मॅनेजर’ने, म्हणजे कमिशनवर लिंक पसरवणाऱ्यांना सांभाळणाऱ्या माणसाने, तुला चाळीस टक्के रेव्हेन्यू शेअर, म्हणजे तुझ्या लिंकवरून होणाऱ्या कमाईतला वाटा, देऊ केलाय. नवखे यात कोणत्या चुका करतात आणि त्या टाळल्या तर हे करिअर होईल का, असं तू विचारलंस. घरी अजून बोलला नाहीस, तेही लिहिलंस. काकू म्हणून लिहिलं आहेस, तर काकूसारखंच उत्तर देते.

चुका विचारल्यास, त्या आधी सांगते. पहिली चूक म्हणजे नुसता टक्का बघून हो म्हणणं. मागच्या वर्षी रामबागेतला एक मुलगा माझ्यासमोर बसून फोनवरचा डॅशबोर्ड दाखवत होता. एका रांगेत क्लिक, मग रजिस्ट्रेशन, मग पहिला डिपॉझिट भरणारे, आणि शेवटी ‘नेट रेव्हेन्यू’. या शेवटच्या शब्दाचा अर्थ त्याला तीन महिन्यांनी कळला. त्याच्या लिंकवरून आलेली माणसं जितकं हरली, त्यातून बोनस आणि फी वजा करून उरतो तो आकडा.

पहिल्या महिन्यात १९ जण मिळून ५२,००० हरले, याच्या नावावर २०,८०० जमा दिसले. दुसऱ्या महिन्यात एकाने १,१०,००० जिंकले, बाकीचे ३०,००० हरले. म्हणजे साइटला ८०,००० चा फटका, आणि याच्या खात्यावर उणे ३२,०००. करारात ‘निगेटिव्ह कॅरीओव्हर’ होता, त्यामुळे ही उणे रक्कम पुढच्या महिन्यात आली. आता त्याला एक रुपया दिसायचा तर आधी लोकांनी आणखी ८०,००० हरायला हवे होते.

“काकू, मी रात्री मॅच बघताना ती पोरं हरावीत म्हणून वाट बघत होतो,” असं तो म्हणाला. डॅशबोर्डवर नावं नसतात, नुसते आयडी असतात. पण दर ७ तारखेला पैसे भरणारा आयडी कुणाचा, हे त्याला माहीत होतं. त्याच्याच गणेश मंडळातला, ७ तारखेला पगार होणारा मित्र. त्याला वेलकम बोनसची लिंक यानेच पाठवली होती. आवळा देऊन कोहळा काढतात तो असा, आणि आवळा द्यायला तुला उभं करतात.

बाकीच्या चुका पटकन सांगते. भावाच्या नावाने स्वतःच्याच लिंकवरून खातं उघडणं. साइटला कळलं की सगळं कमिशन जप्त. जिंकल्याचे बनावट स्क्रीनशॉट टाकणं, ही तर सरळ फसवणूक. किमान किती रक्कम झाली की पैसे मिळतात, ते न वाचणं. आणि साइटचं डोमेन बदललं की आपल्या लिंकचं काय होणार, हे न विचारणं.

पण तू या सगळ्या चुका टाळल्यास तरी एक उरते, आणि ती टाळता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ त्यात बंद केला आहे, तो नशिबाचा असो की कौशल्याचा. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या, आणि आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून खेळला, ते तू पाहिलंच असशील. एवढ्या मोठ्या कंपनीला थांबावं लागलं. ‘आमच्याकडे कुरासाओचा परवाना आहे’ असं तुझा मॅनेजर म्हणतो, पण त्या कॅरिबियन बेटाचा परवाना इथे कामाचा नाही. ब्रिटनसारख्या देशात हा व्यवसाय परवान्याने चालतो, आणि तिथे अ‍ॅफिलिएटने केलेल्या चुकीचा जाब परवानाधारक कंपनीला विचारतात. तुझ्या बाबतीत जाब विचारायला फक्त तूच हाती लागशील.

त्या रामबागेतल्या मुलाचे पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवरून आले. त्यातली एक रक्कम कुणाच्या तरी फसवणुकीची निघाली आणि परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने खातं गोठवलं. खातं आईबरोबर जॉइंट होतं. घरभाडं आणि बहिणीची फी त्यातच अडकली. ती माऊली माझ्यासमोर पासबुक उघडून बसली होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून तुला इतकं स्पष्ट सांगतेय: हे करू नकोस.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. साडेअकरा हजार माणसं तू एकट्याने जमवलीस. कोणती पोस्ट किती वाजता टाकली की लोक थांबतात, कोणत्या मथळ्यावर क्लिक येतात, हे तुला अनुभवाने कळतं. परफॉर्मन्स मार्केटिंगमध्ये, म्हणजे किती क्लिक आणि किती विक्री झाली ते मोजून चालणाऱ्या जाहिरातींच्या कामात, याचाच पगार मिळतो. आपल्या इंदूरात नमकीनवाले आहेत, माहेश्वरी साड्या ऑनलाइन विकणारे आहेत, भंवरकुआंचे कोचिंग क्लासेस आहेत; क्लिकचं गिऱ्हाईक करून देणारा माणूस या सगळ्यांना हवा असतो. अ‍ॅफिलिएटचंच काम आवडत असेल तर क्रिकेटचं सामान, पुस्तकं यांच्या लिंक दे, आणि पोस्टवर ‘जाहिरात’ असं ठळक लिही. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून इन्फ्लुएन्सर्सना हा नियम घालून दिला आहे. कमिशन थोडं येईल. पण तिथे घेणाऱ्याच्या हातात बॅट पडते. गूगलच्या स्किलशॉपवर अ‍ॅड्स आणि अ‍ॅनालिटिक्सचे कोर्स फुकट आहेत. परीक्षेआधी एक पुरा कर.

मॅनेजरला आज रात्रीच नकार कळव. आधार, पॅन किंवा बँकेचा तपशील त्याला दिला असशील तर बँकेला सांग आणि मलाही. चॅनेलवर त्याची लिंक पिन केली असशील तर आधी ती काढ. बाबांशी बोलायला जड जात असेल तर रविवारी सकाळी दोघे माझ्याकडे या, पोहे-जलेबी मी आणून ठेवते. येताना चॅनेलच्या गेल्या तीन महिन्यांच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन ये. त्यावरून तुझा बायोडाटा आपण तिथेच बसून लिहू.

तुझी,
काकू