निवडणूक हरायच्या आधीच पक्षातले नेते एकमेकांवर खापर का फोडतात?

कारण निकालानंतर फोडायला गेलं तर खापर आपल्याच डोक्यावर यायची भीती असते! आधी बोललं की 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणायची सोय होते.

ऑक्टोबर २०१९ ची काँग्रेस आठवा. महाराष्ट्र आणि हरियाणात विधानसभेचं मतदान २१ तारखेला. त्याच्या दोन-अडीच आठवडे आधी मुंबई काँग्रेसचे माजी अध्यक्ष संजय निरुपम यांनी आपण सुचवलेल्या एका उमेदवाराला तिकीट नाकारलं म्हणून प्रचार करणार नाही असं जाहीर केलं. वर मुंबईत तीन-चार जागा सोडल्या तर डिपॉझिट जप्त होईल, असंही म्हणाले. तिकडे हरियाणात अशोक तंवर यांनी तिकिटं विकल्याचा आरोप करून पक्षच सोडला. त्यांचं प्रदेशाध्यक्षपद महिनाभरापूर्वीच काढून घेतलं होतं, हे विसरू नका. खरं दुखणं बहुतेक वेळा तिकीटवाटपाचंच असतं. पराभवाची काळजी हे वरचं पांघरूण.

गंमत अशी की महाराष्ट्रात काँग्रेसच्या जागा ४२ वरून ४४ झाल्या, आणि निकालानंतर पाच आठवड्यांत पक्ष चक्क सत्तेत जाऊन बसला. मुंबईत मात्र ४ च आल्या. म्हणजे जिंकलेल्या जागांपुरता निरुपम यांचा आकडा बरोबर निघाला, पण तोवर विचारतंय कोण?