जस्त जास्त आलं? आधी हातमोजे बघ

हरिपूरच्या संगमावरचं पाणी आणलंस आणि जस्त भरमसाट निघालं, म्हणून लगेच कृष्णामाईला नावं ठेवू नकोस. पावडर लावलेल्या हातमोज्यांतूनही जस्त उतरतं. नमुन्याइतक्याच काळजीने शुद्ध पाण्याचा ब्लँक चालव, म्हणजे नमुन्याच्या जागी शुद्ध पाणी घेऊन सगळी कृती कर, मग बोलू.

पॉलिथिनच्या बाटल्या 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडव. नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ आणि आम्ल घालून पीएच 2 च्या खाली ठेव. आता खरी गोम. धातू गोळा करायला आपण चेलेक्स हे धातू धरणारं रेझिन भरलेली नळी, म्हणजे कॉलम, वापरतो. तेच आंबट पाणी तसंच कॉलममध्ये सोडलंस तर हाती भोपळा. चेलेक्समधले इमिनोडायअ‍ॅसिटेट गट धातूला खेकड्याच्या नांगीसारखे धरतात, पण आम्लात त्या जागा हायड्रोजनने अडवलेल्या असतात. म्हणून अमोनियम अ‍ॅसिटेट घालून पीएच साडेपाचच्या आसपास आण आणि पाणी थेंबाथेंबाने जाऊ दे. घाई केलीस की धातू निसटतो. मीही सुरुवातीला हेच केलं होतं.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियमही रेझिनवर चिकटतं, तेव्हा आधी अमोनियम अ‍ॅसिटेटने ते धुऊन काढ. मग 2 मोलर नायट्रिकने धातू उतरव. 1 लिटरमधला ऐवज 10 मिलीत आला की धातू 100 पट दाट. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ही पट कामाला येते.

आम्लात रेझिन आक्रसतं, घाबरू नकोस. सरावाला थोडं मोरचूद सोडून बघ, निळा पट्टा डोळ्यांदेखत धरला जातो.