हजेरीत नसलेला माणूस पॉलिसीत कुठून येणार?

छोट्या मालकांनी कामगारांच्या अपघात विम्याबद्दल प्रश्न पाठवावेत, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांची सुरुवात एकच आहे: "आमच्याकडे काय, चारच माणसं." त्यातले पाच प्रश्न घेतो.

नाशिकच्या अंबडला माझा प्रेसकामाचा (पत्रा दाबून आकार देण्याचा) गाळा आहे, सात कामगार. परवा एकाचं बोट जाता जाता वाचलं. वर्कमन कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कामगार भरपाईची, पॉलिसी सक्तीची आहे का? आणि खरंच काही झालं तर किती द्यावे लागतात?

सक्ती पॉलिसीची नाही, भरपाईची आहे. पॉलिसी नसेल तर पैसे तुमच्या खिशातून जातील, एवढाच फरक. १९२३ पासून चालत आलेला कामगार भरपाईचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गाभा तोच राहिला. काम करताना, कामामुळे इजा झाली की मालक देणं लागतो. तुमची चूक सिद्ध करण्याची गरज कामगाराला नसते.

हिशेब असा. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा ५० टक्के भाग घेऊन त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के. तिशीच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. तुमच्या ऑपरेटरला १८ हजार पगार असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबाला १५ हजारच धरतात. म्हणजे मृत्यूचे १५,५९,८५० आणि पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० रुपये. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं कायद्याची यादी मानते. ती रक्कम होते सुमारे २ लाख ६२ हजार. बोट काही काळच निकामी झालं, तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च यापलीकडे, तोही मालकाचाच. पॉलिसीत मात्र हा खर्च बऱ्याचदा जादा हप्ता भरून वेगळा घ्यावा लागतो. कागद हातात आला की आधी तेवढं बघा.

"तो प्यायला होता", "त्याने यंत्राचा संरक्षक गार्ड काढला" ही कारणं बोटाच्या दाव्यात चालू शकतात. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात ती चालत नाहीत. आणि गार्ड काढायला लावणारे कोण असतात, हे प्रेसच्या धंद्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

आता हप्ता. तो एकूण पगारावर आणि कामाच्या जोखमीवर ठरतो. कारकुनाचा कमी, प्रेसवाल्याचा जास्त. म्हणून हप्ता खाली आणायला प्रेसवरच्या पोराला "पॅकिंग हेल्पर" लिहायचं, नवाच्या जागी चार माणसं दाखवायची, असा सल्ला देणारे एजंट मी पाहिलेत. माझ्याच एका अशिलाने मला न विचारता हे केलं होतं. अपघात झाला तो पाचव्या माणसाला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने हजेरीचं रजिस्टर, पगाराच्या पावत्या आणि पॉलिसीची प्रत टेबलावर शेजारी शेजारी मांडली, आणि पुढचं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं मुकादम आणतो, उक्तं काम देतो. ही माणसं माझी कामगार कशी? पैसे तर मी मुकादमाला देतो.

हा प्रश्न दरवर्षी गोडी छाटणीच्या तोंडावर येतो. तुमच्या धंद्याचंच काम तुम्ही ठेकेदाराकडून करून घेतलं, तर जखमी माणूस भरपाई थेट तुमच्याकडे मागू शकतो. मग तुम्ही ती मुकादमाकडून वसूल करा, असं कायदा म्हणतो. मुकादमाकडून काय वसूल होणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

हंगामी किंवा रोजंदारीचा माणूस म्हणूनही सुटका नाही. "प्रासंगिक नोकरी"ची सवलत २००० च्या दुरुस्तीने काढून टाकली. शेतीतली सगळी कामं मात्र कायद्यात येत नाहीत. यादीत ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्राने केलेली शेती आहे, यांत्रिक कापणी-मळणी आहे आणि कीटकनाशकांची फवारणी तर स्पष्ट शब्दांत आहे. नुसत्या कात्रीने छाटणी करणाऱ्याबद्दल वाद घालता येईल. फवारणीच्या ब्लोअरवर बसलेल्या माणसाबद्दल वाद नाही. फवारणीत एखाद्याला विषबाधा झाली तर "त्यानेच मास्क लावला नाही" एवढ्यावर भागत नाही.

पॉलिसी घेताना ठेकेदाराच्या माणसांचा उल्लेख मुद्दाम करून घ्या, तो आपोआप होत नाही. पगाराच्या रकान्यात हंगामातलं सगळं मजुरीचं बिल लिहा, उक्त्याचं धरून. आणि मुकादमाकडून रोजची नावं घ्या. शाळेच्या वहीत पेनाने लिहिलेली यादीसुद्धा चालेल, पण रोजची हवी. एक गैरसमज इथेच काढतो: गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. मजूर तिच्यात बसत नाही.

सिन्नरला पॅकिंगचं युनिट आहे, बारा माणसं, सगळ्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरतो. वेगळी पॉलिसी लागेल?

ईएसआयमधल्या माणसांसाठी नाही. तिथे अपघाताचा लाभ ईएसआय देतं आणि मग मालकावर दुसरा दावा चालत नाही. पण "सगळे" त्यात येत नाहीत: २१ हजारांच्या वर पगार असेल तर तुमचा सुपरवायझर आणि मेंटेनन्सवाला ईएसआयच्या बाहेर राहतात. दोघांपुरती छोटी पॉलिसी काढा, हप्ता फार येणार नाही.

आमचा कामगार रात्रपाळी संपवून घरी जाताना नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकने उडवला. आम्ही सर्वांचा अपघात विमा काढलेला आहे, शिवाय २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा योजनाही. आमचा संबंध येतो का?

पूर्वी मी "बहुधा नाही" म्हटलं असतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात, आपल्याच राज्यातल्या, वेगळा कौल दिला. पहाटेच्या पाळीवर निघालेला हा माणूस २००३ मध्ये वाटेत अपघातात वारला होता. प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात, असं न्यायालयाने धरलं. नव्या संहितेतही घर ते काम आणि काम ते घर या प्रवासाची तरतूद आहे. पाळी सुटल्यावर सरळ घराकडे जाणारा माणूस या चौकटीत बसतो. वाटेत तासभर दुसरीकडे गेला असेल तर प्रश्न उभा राहील. त्यामुळे पाळीच्या सुटकेची वेळ नोंदलेली आहे का, ते आजच पाहा.

राहिला अपघात विमा. त्याचे पैसे आणि सुरक्षा योजनेचे २ लाख वारसाला मिळतील, मिळायलाच हवेत. पण ते तुमच्या भरपाईतून वजा होत नाहीत. मालकाचं देणं फेडणारी पॉलिसी वेगळी, आणि ती तुमच्याकडे नाही.

माझ्या बांधकाम साइटवर एक गवंडी पडून वारला. त्याच्या बायकोला ३ लाख दिले, शंभराच्या स्टॅम्पवर "यापुढे काही मागणे नाही" असं लिहून घेतलं. आता वकिलाची नोटीस आली आहे. कागद दाखवला की संपेल ना?

नाही. हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्द ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई कुटुंबाच्या हातात द्यायचीच नसते. ती सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वी ज्यांना आयुक्त म्हणत त्यांच्याकडे, जमा करायची आणि वाटप ते करतात. आगाऊ म्हणून दिलेल्यातले फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतके पैसे वळते होतात. बाकीचे तुमच्या माणुसकीच्या खात्यात.

उशिराचंही पाहा. देणं लागू झाल्यापासून महिन्यात पैसे जमा झाले नाहीत तर व्याज लागतं, जुन्या कायद्यात ते १२ टक्के होतं. सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाचाच. व्याजही पॉलिसीत वगळलेलं असू शकतं. मृत्यूची खबर सात दिवसांत कळवायची होती, तीही तुम्ही कळवलेली दिसत नाही. नोटिशीला उत्तर लिहायच्या आधी गवंड्याचं वय आणि शेवटच्या बारा महिन्यांचा पगार कागदावर काढा, वरच्या गुणकाच्या हिशेबाने आकडा मांडा आणि तो जमा करायची तयारी ठेवूनच वकिलाकडे जा.