जुने टायर पडलेत, काय करू?

प्रश्न: घरामागे गाडीचे पाच-सहा जुने टायर पडून आहेत. शेजारी म्हणतात, जाळा आणि मोकळे व्हा. मुलीला त्यात भाजी लावायचीय. काय करावं?

उत्तर: ताई, आधी एकच सांगतो, जाळू मात्र नका. टायरात रबरासोबत कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड), गंधक, तेलं असं बरंच काही असतं, तो उघड्यावर पेटला की सल्फर डायऑक्साइड, बेन्झीन असले विषारी वायू थेट आपल्या नाकात. आणि ती आग लवकर विझत पण नाही. कॅनडात हॅगर्सव्हिलला १९९० मध्ये टायरांचा ढीग पेटला तो तब्बल १७ दिवस जळत होता.

दुसरी भीती डासांची, आणि ही मला जास्त वाटते कारण ती आत्ता तुमच्या घरामागेच आहे. उघड्यावर टायर कसाही ठेवा, आतल्या खोबणीत पाणी राहतंच आणि डेंग्यूच्या एडिस डासाला तीच जागा आवडते. त्याची अंडी पाण्याच्या जरा वर, रबराला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून ब्रशने घासा, मग छपराखाली ठेवा नाहीतर ताडपत्रीने घट्ट झाका.

मुलीला एक-दोन टायर द्या की! खालच्या बाजूला भरपूर भोकं पाडा. पण फुलझाडंच लावा, टायरातून जस्त आणि इतर रसायनं मातीत उतरतात, त्यामुळे खायची भाजी मी तरी लावणार नाही. झोपाळा करणार असाल तर तारा बाहेर आल्यात का ते हात फिरवून नाही, नीट डोळ्यांनी बघा.

उरलेले, जिथे नवीन टायर घालता त्या दुकानात विचारून द्या. गंधक घालून तापवलेलं रबर प्लॅस्टिकसारखं वितळवून पुन्हा ओतता येत नाही, म्हणून ते योग्य ठिकाणीच जायला हवं. टायरचा सांगाडा धड असेल तर रिट्रेडिंग होतं, म्हणजे वर रबराचा नवा थर चढवतात, नाहीतर चुरा करून रस्त्याच्या डांबरात, मॅटमध्ये वापरतात, सिमेंटच्या भट्टीतही इंधन म्हणून जातात. भंगारवाल्याला देणार असाल तर पुढे कुठे जातात ते स्पष्ट विचारा, कारण आतल्या स्टीलच्या तारेसाठी टायर जाळणारेही असतात. तसं असेल तर देऊ नका, दुसरा बघा.