ऑफिसातले सण: आधी सुट्टीचं बघा

साठ जणांची आयटी कंपनी, पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी करायचीय, ईद-नाताळ-बुद्धपौर्णिमा धरायची की नाही यावर खडाजंगी झाली आणि साहेब म्हणाले, 'त्यापेक्षा सगळ्यांचे सण ऑफिसातच साजरे करू.' हा तुमचा पेच. एचआरमध्ये बावीस वर्षं काढल्यावर माझं मत विचाराल तर साहेबांना सांगा, केक-रांगोळीचं नंतर, आधी सुट्टीचं बघू.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तुमच्यासारख्या साठ जणांच्या कंपनीला वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या द्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवायच्या. या चारांत गणपती, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस बसले की यादी संपली, आणि तुमच्याकडचं भांडण तिथेच सुरू झालं असणार. यावर उपाय म्हणजे आठाच्या वर दोन-तीन वैकल्पिक सुट्ट्या द्या. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अशा दोन मिळतातच. कोणी जैनांच्या संवत्सरीला घेईल, कोणी १४ एप्रिलला, कोणी गुड फ्रायडेला. कारण विचारायचं नाही. एखाद्या नास्तिकाने वाढदिवसाला घेतली तर घेऊ दे.

तारखेच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटले आहे. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, आणि रमजान ईदचा नेमका दिवस आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला की ठरतो. एका जुन्या कंपनीत मी डिसेंबरातच कॅलेंडर बघून सिस्टीममध्ये तारीख टाकली आणि लॉक केली. चंद्र दिसला नाही. आमची सुट्टी झाली रोज्याच्या दिवशी आणि ईदला ऑफिस चालू! आमचा एक टेस्टर सकाळची नमाज पढून अकरा वाजता नव्या कुर्त्यात कामावर आला, हातात शीरखुर्म्याचा मोठा डबा. कोणाला काही बोलला नाही. सगळ्यांनी वाट्या भरून घेतल्या आणि 'ईद मुबारक' म्हणून दीडच्या कॉलला त्याला बसवलं. तेव्हापासून माझ्या यादीत ईदपुढे 'चंद्रदर्शनानुसार' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशीही रिलीज ठेवत नाही. सरकारही तारखा हलवतंच की. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले, तेव्हा मुस्लिम मंडळींनी जुलूस पुढे नेला आणि राज्य सरकारने सुट्टी २९ ला दिली.

आता साजरं करण्याचं. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूची माळ घाला, मला स्वतःला ते आवडतं. पण त्याच दिवशी १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तुमच्याकडचा एखादा बौद्ध सहकारी त्यासाठी दीक्षाभूमीवर जात असेल. त्याला फोटोसाठी थांबवू नका. गणपतीच्या वर्गणीचा नावानिशी तक्ता पँट्रीत लावू नका. नावापुढची रिकामी चौकट सगळा मजला वाचतो. नवरात्रातल्या नऊ रंगांचंही तसंच: ज्यांना हौस आहे त्यांनी नेसावं, पण 'आज हिरवा का नाही?' हा प्रश्न मेलवर येता कामा नये. आणि कृपा करून मोहरमच्या आशुराला आणि गुड फ्रायडेला 'हार्दिक शुभेच्छा'चं पोस्टर पाठवू नका. दोन्ही दिवस शोकाचे आहेत. मी असं पोस्टर गेलेलं पाहिलंय, वर फुगे होते.

रमजानमध्ये संध्याकाळी मीटिंगा लावल्या नाहीत आणि शुक्रवारी नमाजसाठी दुपारी एक ते दोन मोकळं ठेवलंत तरी पुष्कळ. पर्युषणात कँटीनवाल्याला कांदा-लसूण-बटाटा नसलेली एक भाजी वेगळ्या डावाने वाढायला सांगा, तो कुरकुरेल, तरी सांगा.

यादी मात्र जानेवारीवर ढकलू नका. त्या चार सुट्ट्या वर्ष सुरू होण्याआधी ठरल्या पाहिजेत असं कायद्यातच आहे. ठरवताना नुसते मॅनेजर नकोत, प्रत्येक टीममधून एकेक जण बसवा आणि कागदावर सह्या घ्या.